बाजारगाडीचा तोल

काही वर्षांपूर्वी मी माझ्या मुलीकडे अमेरिकेत गेलो होतो. शाळेतून निवृत्त झाल्यामुळे हाताशी वेळ होता आणि नातवंडांच्या सहवासाची ओढही होती. नातू आठ वर्षांचा, तर नात अवघी दोन वर्षांची. दर रविवारी आम्ही सारे आठवड्याचा बाजार आणावयास एका मोठ्या दुकानात जात असू. दुकानदारापुढे उभे राहून एकेक जिन्नस मागावयाचा, अशी तेथे पद्धत नाही. ग्राहकाने स्वतः हिंडावे, फळीवरच्या वस्तू स्वतः उचलाव्या, चाकांच्या जाळीदार गाडीत ठेवाव्या आणि शेवटी दाराशी पैसे चुकते करावे, अशी तेथील रीत. आता आपल्याकडील शहरांतही अशी दुकाने आहेत आणि त्या गाडीला लोक 'ट्रॉली' म्हणतात. आपण तिला बाजारगाडी म्हणू.

बाजारगाडीच्या मुठीजवळ लहान मुलाला बसविण्यासाठी एक घडीचे आसन असते. त्या आसनावर मुलीने नातीला बसविले आणि मला म्हणाली, "बाबा, मी भाजी घेऊन येते. तुम्ही जरा या दोघांना सांभाळा." गाडी अद्याप रिकामीच होती. ती ढकलीत मी हळूहळू पुढे निघालो. इतक्यात नातू म्हणाला, "आजोबा, मी बाजूच्या दांडीवर उभा राहू? तुम्ही ढकला."

छत्तीस वर्षे मी वर्गात शिस्तीचे धडे दिले होते. परंतु आजोबा झालेल्या मुख्याध्यापकाला 'नको' म्हणणे जड जाते. मी होकार दिला. तळाच्या दांडीवर पाय ठेवून आणि जाळीची कड धरून तो उभा राहिला. त्याच्या भाराने गाडी किंचित कुरकुरली, पण सरळ चालू लागली. मागे दादा नि पुढे आजोबा पाहून धाकटी टाळ्या पिटू लागली.

बाजूच्या फळीवर रंगीत चित्राचा एक डबा होता. तो घेण्यासाठी नातवाने एक हात सोडून बाहेर लांब केला आणि अंगही त्या बाजूला झोकले. त्याच क्षणी पलीकडची दोन चाके जमिनीवरून उचलली. मी मूठ घट्ट धरली, पण गाडी कलंडू लागली ती थांबेना. माझ्या काळजात धस्स झाले. मी हात पुढे घातला, तो गाडी आणि फरशी यांच्यामध्ये सापडला, आणि त्यामुळेच नातीचे डोके फरशीवर आपटले नाही. तिच्या कपाळाला जाळीची कड लागून एक ओरखडा तेवढा उठला. नातवाचे कोपर खरचटले. दुकानातील माणसे धावली आणि त्यांनी गाडी उभी केली. नात रडून शांत झाली, तेव्हा कोठे माझा जीव भांड्यात पडला.

घरी येईपर्यंत नातू गप्प होता. रात्री तो माझ्याजवळ येऊन बसला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "आजोबा, मी तर आधीपासून दांडीवर उभा होतो. तेव्हा गाडी पडली नाही. मी नुसता हात लांब केला, तेव्हाच ती का पडली?"

प्रश्न साधा होता, पण खरा होता. त्याला रागावण्यापेक्षा या प्रश्नाचे उत्तर शोधणे अधिक अगत्याचे आहे असे मला वाटले. मी मराठीचा शिक्षक. शास्त्र माझा विषय नव्हे. तथापि ओळंबा आणि तराजू मी लहानपणापासून पाहिले होते. त्या दोहोंच्या साहाय्याने आम्ही आजोबा-नातू विचार करू लागलो.

ओळंबा काय सांगतो?

मुलांनो, भिंत सरळ आहे की नाही हे पाहण्यासाठी गवंडी दोरीच्या टोकाला वजन बांधून ती खाली सोडतो. तोच ओळंबा. ओळंब्याची दोरी नेहमी पृथ्वीच्या ओढीच्या दिशेने सरळ खाली राहते.

प्रत्येक वस्तूत असा एक बिंदू असतो, की वस्तूचा सारा भार जणू त्याच ठिकाणी एकवटला आहे असे मानता येते. या बिंदूला गुरुत्वमध्य म्हणतात. गुरुत्वमध्यातून एक ओळंबा खाली सोडला आहे अशी कल्पना करा. तो ओळंबा वस्तूच्या पायाच्या आत पडत असेल, तर वस्तू उभी राहते. पायाच्या बाहेर पडला, की ती कलंडते. बाजारगाडीचा पाया म्हणजे तिची चार चाके जेथे जमिनीला टेकतात, ते चार बिंदू जोडून होणारी आकृती.

एक जाडजूड पुस्तक टेबलावर उभे ठेवा आणि त्याची वरची कड बोटाने हळूच ढकला. थोडे कलल्यावर बोट काढून घेतले, तर पुस्तक पुन्हा जागेवर येते. आणखी ढकलले, तर एका मर्यादेनंतर ते आपोआप पडते. आता तेच पुस्तक आडवे ठेवून त्याची एक कड उचला. पुष्कळ उचलली, तरी ते उलटत नाही. पुस्तक तेच, वजनही तेच. फरक एवढाच, की आता पाया रुंद झाला आहे आणि गुरुत्वमध्य खाली आला आहे.

कडब्याने शीग भरलेली बैलगाडी एका बाजूने खोल असलेल्या चाकोरीतून जाऊ लागली, की गाडीवान खाली उतरून तिला खांदा देतो, हे खेड्यातील मुलांनी पाहिले असेल. धान्याची पोती तळाशी घातलेली गाडी त्याच चाकोरीतून निर्धास्त जाते. उंच भार थोड्याशा कलण्यानेही पायाबाहेर जातो. खालचा भार जात नाही. तंजावरची बाहुली कितीही लोटली तरी पुन्हा उभी राहते, याचेही रहस्य तिच्या गोल आणि जड बुडात आहे.

तराजू काय सांगतो?

नातवाचा खरा प्रश्न मात्र हात लांब करण्याविषयी होता. त्यासाठी आम्ही तराजूकडे वळलो. बागेतील सीसॉवर बसताना तुमच्या लक्षात आले असेल, की हलका मुलगा टोकाला बसला आणि जड मुलगा मध्याजवळ बसला, तर दोघांचा तोल साधतो. म्हणजे केवळ वजन पाहून चालत नाही. मधल्या आधारापासूनचे अंतरही पाहावे लागते. वजनाला अंतराने गुणले, म्हणजे त्या भाराचे खरे बळ कळते.

कलंडणाऱ्या गाडीत हा आधार म्हणजे एका बाजूची दोन चाके. त्या चाकांच्या रेषेच्या आत असलेला भार गाडीला सावरतो, बाहेर असलेला भार तिला पाडू पाहतो. आम्ही कागद घेतला आणि अंदाजाने आकडे मांडले. रिकामी गाडी २० किलो, नात १२ किलो. दोन्ही मिळून ३२ किलो. हा भार गाडीच्या मध्यावर, म्हणजे चाकांच्या रेषेपासून २५ सेंटिमीटर आत आहे असे धरले. ३२ गुणिले २५ बरोबर ८००. हे झाले सावरणारे बळ.

नातवाचे वजन २८ किलो. तो दांडीवर उभा असताना त्याचा भार चाकांच्या रेषेबाहेर २० सेंटिमीटर होता असे धरले. २८ गुणिले २० बरोबर ५६०. हे बळ ८०० पेक्षा कमी. म्हणून गाडी उभी राहिली. मग त्याने हात लांब केला आणि अंग झोकले. भार ३० सेंटिमीटर बाहेर गेला. २८ गुणिले ३० बरोबर ८४०. पारडे फिरले! त्याचे वजन एका गुंजेनेही वाढले नव्हते. वाढले होते ते केवळ १० सेंटिमीटर अंतर. शिवाय चाके एकदा उचलली, की गाडीचा भार आधाराच्या रेषेकडे सरकतो आणि सावरणारे बळ आणखी कमी होते. म्हणून माझी ओढ अपुरी पडली.

नातवाने आकडे दोनदा तपासले. मग तो म्हणाला, "पण आजोबा, गाडी थोडी रुंद असती तर?" आम्ही प्रत्येक बाजूला केवळ ५ सेंटिमीटर वाढविले. आता सावरणारा भार ३० सेंटिमीटर आत आला; ३२ गुणिले ३० बरोबर ९६०. नातवाचा भार मात्र रेषेपासून २५ सेंटिमीटरच बाहेर उरला. २८ गुणिले २५ बरोबर ७००. गाडी पडली नसती! रुंदी वाढली, की सावरणारे बळ वाढते आणि पाडणारे घटते, असा दुहेरी लाभ होतो.

"मग त्यांनी ती रुंद का केली नाही?" नातवाने विचारले. या प्रश्नासाठी मला बाजारगाडीचा इतिहास पाहावा लागला.

गाडी कशी घडली?

स्वतः वस्तू उचलून घेण्याची पद्धत अमेरिकेत १९१६ साली क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी मेंफिस शहरातील आपल्या 'पिगली विगली' या दुकानात सुरू केली. तेव्हा ग्राहक हातात टोपली घेऊन हिंडत. टोपली जड झाली, की ते खरेदीचा हात आखडता घेत. ओक्लाहोमा सिटी येथे किराणा मालाची अनेक दुकाने चालविणारे सिल्व्हन गोल्डमन यांनी हे हेरले. एकदा आपल्या कचेरीत बसले असता त्यांची दृष्टी घडीच्या खुर्चीवर गेली. खुर्चीच्या पायांना चाके लावली आणि बैठकीच्या जागी टोपली ठेवली तर? फ्रेड यंग या कारागिराच्या साहाय्याने त्यांनी दोन टोपल्यांची, घडी होणारी गाडी तयार केली आणि ४ जून १९३७ रोजी ती दुकानात आणली.

प्रारंभी कोणी तिला हात लावीना. तरुण पुरुषांना ती ढकलण्यात कमीपणा वाटे. स्त्रियांना ती बाबागाडीसारखी वाटे. अखेर गोल्डमन यांनी काही माणसे पगार देऊन नेमली आणि त्यांना ग्राहकांप्रमाणे गाड्या ढकलीत दुकानात हिंडावयास सांगितले. त्यांना पाहून इतरांची भीड चेपली.

या गाड्यांची घडी प्रत्येक वेळी उघडावी व मिटावी लागे आणि टोपल्या निराळ्या ठेवाव्या लागत. १९४६ साली कॅन्सस सिटीचे ऑर्ला वॉटसन यांनी यावर तोड काढली. त्यांच्या गाडीची मागची जाळी वरच्या बाजूने बिजागरीवर झुलत असे. एक गाडी दुसरीच्या मागून ढकलली, की ती जाळी वर उचलली जाई आणि मागची गाडी पुढचीच्या पोटात शिरे. अशा अनेक गाड्या थोड्या जागेत राहू लागल्या. परंतु एक गाडी दुसरीत शिरावयाची, तर तिचे पुढचे तोंड मागच्या बाजूपेक्षा अरुंद असावे लागते. फळ्यांमधील वाटांतून दोन गाड्या समोरासमोर जाव्या, म्हणूनही रुंदी मर्यादित ठेवावी लागते.

आता नातवाच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. जागा वाचविण्यासाठी गाडी अरुंद हवी. तोल राखण्यासाठी ती रुंद हवी. आईला मूल आपल्यासमोर दिसावे म्हणून आसन उंच मुठीपाशी हवे. तोल राखण्यासाठी ते खाली हवे. वस्तू घडविणाऱ्याला अशा एकमेकींविरुद्ध असलेल्या गरजांचा मेळ घालावा लागतो. त्यात कोणती गरज वरचढ मानावयाची, हा केवळ हिशेबाचा प्रश्न नाही. तो विवेकाचाही प्रश्न आहे.

चूक कोणाची?

आमचा अपघात एकाकी नव्हता. एकट्या २००५ सालात अमेरिकेतील रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत बाजारगाड्यांमुळे जखमी झालेल्या, पंधरा वर्षांखालील २४ हजारांहून अधिक मुलांवर उपचार झाले, असा अंदाज आहे. त्यांतील बहुतेक मुले पाच वर्षांहून लहान होती. अधिक अपघात गाडीतून खाली पडल्याने होतात. त्याखालोखाल गाडी कलंडल्याने. लहान मुलाचे डोके त्याच्या अंगाच्या मानाने मोठे आणि जड असते. म्हणून मार बहुधा डोक्यालाच लागतो.

बाजारगाड्या कशा असाव्या याविषयी अमेरिकेत २००४ साली एक मानक तयार झाले. ते पाळणे उत्पादकांच्या इच्छेवर होते. तेथील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २००६ साली स्पष्ट सांगितले, की मुले पडू नयेत आणि गाडी कलंडू नये यासाठी हे मानक पुरेसे नाही. आसनाला पट्टा असतोच, तो बांधला तर मूल खाली पडत नाही. पण गाडीच कलंडली, तर पट्टा बांधलेले मूलही गाडीबरोबर जाते. म्हणून मुलाचे आसनच जमिनीलगत आणावे, असा एक उपाय या तज्ज्ञांनी सुचविला.

या उपायाची परीक्षा आम्ही आमच्या कागदावर केली. रिकाम्या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५० सेंटिमीटर उंच आहे असे धरले, तर ती बाजूला सुमारे २७ अंश कलेपर्यंत पडत नाही. १२ किलोची नात ९० सेंटिमीटर उंचीवर बसली, की दोघींचा मिळून गुरुत्वमध्य ६५ सेंटिमीटरवर जातो आणि ही मर्यादा २१ अंशांवर येते. तीच नात ४० सेंटिमीटर उंचीवर बसली, तर गाडी सुमारे २८ अंशांपर्यंत तग धरते. उंच बसलेले मूल गाडीला अस्थिर करते. तेच मूल खाली बसले, की गाडीला रिकामीपेक्षाही स्थिर करते!

मी होकार दिला, ही माझी चूक होती, आणि ती मी मुलीपाशी कबूल केली. नातवाने अंग झोकले, ही त्याची चूक होती. परंतु आठ वर्षांचे मूल रंगीत डब्याकडे हात लांब करणारच, आणि म्हातारा आजोबा नातवाचा शब्द मोडणार नाही, हे गाडी घडविणाऱ्यानेही जाणले पाहिजे. माणसाच्या हातून चूक होणार हे धरून जी वस्तू घडविली जाते, तीच खरी चांगली वस्तू होय.

परत येण्यापूर्वीच्या रविवारी आम्ही दुसऱ्या एका दुकानात गेलो. तेथील काही बाजारगाड्यांना पुढच्या बाजूस, जमिनीलगत, लहानशा मोटारीच्या आकाराचे आसन जोडलेले होते. नातवाने रांगेतून नेमकी तशीच गाडी ओढून काढली. धाकटीला आत बसवून त्याने तिचा पट्टा बांधला आणि तो ओढून पाहिला. तांदळाची जड पिशवी तळाशी ठेवली, पाव वर ठेवला. मग तो माझ्या शेजारून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून चालू लागला. नातीच्या कपाळावरील ओरखडा तोपर्यंत पुसट झाला होता. नातवाला सांगण्यासारखे माझ्यापाशी काही उरले नव्हते.

शब्दार्थ

जिन्नस – वस्तू. चुकते करणे – पूर्ण देऊन टाकणे. अगत्याचे – जरुरीचे. शीग – काठोकाठ भरल्यावर वर येणारी रास. चाकोरी – चाकांनी जमिनीत पडलेली खोल वाट. गुंज – सोने तोलण्याचे जुने, अगदी लहान वजन. तोड – उपाय. मानक – वस्तू कशी असावी हे ठरविणारे प्रमाण. विवेक – बरेवाईट जाणण्याची शक्ती.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) बाजारगाडीचा पाया कशाला म्हटले आहे?
(आ) गोल्डमन यांना गाडीची कल्पना कशावरून सुचली?
(इ) वॉटसन यांच्या गाडीत कोणती सोय होती?

२. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) नातू नुसता उभा असताना गाडी का पडली नाही आणि हात लांब केल्यावर का पडली?
(आ) बाजारगाडी घडविणाऱ्यापुढे कोणत्या परस्परविरोधी गरजा असतात?
(इ) 'चूक कोणाची?' या प्रश्नाचे लेखकाने दिलेले उत्तर तुम्हांला पटते का? का?

३. कारणे द्या.
(अ) प्रारंभी ग्राहक बाजारगाडीला हात लावीत नसत.
(आ) कडब्याच्या गाडीला चाकोरीत खांदा द्यावा लागतो.

४. गाडी कलंडली तेव्हा तिच्या तळाशी २० किलो सामान असते, तर सावरणारे बळ किती झाले असते? गाडी पडली असती काय?

५. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यात उपयोग करा : काळजात धस्स होणे, जीव भांड्यात पडणे, हात आखडता घेणे, भीड चेपणे.

६. प्रयोग ओळखा.
(अ) नातवाने हात लांब केला. (आ) गाडी कलंडली. (इ) मुलीने नातीला बसविले.

७. तुमच्या घरातील किंवा शाळेतील सहज कलंडणारी एक वस्तू निवडा. ती स्थिर करण्यासाठी तुम्ही तिच्यात कोणता बदल कराल, ते आकृती काढून दहा ओळींत लिहा.